हिरव्या काचेतला कृष्णकांत

गोपिका माझी धाकटी जाऊ. एकाहत्तर साली तिचा नवरा कृष्णकांत काविळीनं गेला. तेरवी आटोपली अन् ती फुटक्या हिरव्या बांगड्यांची पुरचुंडी घेऊन माझ्या भट्टीपाशी आली.

"बाई, याच्यातून त्यांचं तोंड करून द्या."

"डोकं फिरलं का वं तुझं?" मी खेकसलीच. पण तिच्या रडण्यापुढं माझं काय चालते!

कृष्णकांतचं प्लास्टरचं तोंड माझ्यापाशी होतं. मूर्तिकारांच्या चितार ओळीत मी मूर्त्यांचे साचे करत होती. मंडळाच्या रावणाचा मुखवटा कराले, तो धडधाकट असताना त्याले झोपवून, तेल चोपडून, नाकात पपईच्या देठाच्या नळ्या खुपसून ते काढलं होतं. त्यावर रेती मिसळलेल्या प्लास्टरचा नवा साचा ओतला. बांगड्या कुटून, डिंकाच्या पाण्यात कालवून साच्याच्या आत लिंपल्या अन् भट्टी लावली. गार झाल्यावर साचा खरवडला, तर आत पातळ हिरवं तोंड. हुबेहूब कृष्णकांत, बाप्पा!

गोपिकानं ते आपल्या खोलीच्या खिडकीत टांगलं, खोलगट बाजू आत करून. मंग सुरू झालं.

"बाई, ते माझ्याकडेच पाहून राहिले. कुठंही गेली तरी तोंड फिरवतात."

सदर भागातल्या शिवणशाळेत तिले नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. पण ही खोली सोडाले तयार नाही. सासूबाई म्हणे, भूत शिरलं, फोडा ते. मले मात्र ठाऊक होतं. खोलगट साच्यातलं तोंड असंच दिसते, पाहणारा चालला का तेही फिरते. साच्यांच्या कारखान्यात जन्म गेला माझा.

मी सरळ ते काढलं अन् फुगीर बाजू आत करून टांगलं. "आता चालून पाह्य. फिरते का?"

ती इकडून तिकडं चालली. तोंड हललं नाही.

"काही नाही वं त्याच्यात. सोमवारी नोकरीवर जाय मुकाट्यानं."

गोपिका खाली बसली. "सकाळी मी दिसली का सासूबाई तोंड फिरवतात. शेजारीण बाहेर निघता निघता थांबते. मले पाहणारे ते एकटेच होते, बाई. तेही तुम्ही नेले."

मी खोलगट बाजू पुन्हा आत केली, अन् तिथंच भिंतीले टेकून उभी राहिली.

गोपिका उठली, दाराची कडी लावाले गेली. मी जागची हललीही नव्हती. तरी ते तोंड तिच्या मागं मागं दारापर्यंत फिरलं.