पाचवीची पाहुणी

पाट्यावर हळदकुंकू वाहून रूपल कोरा कागद आणि पेन मांडत होती, तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. सटवाई सुलूवहिनीच्या बाळाचं नशीब लिहायला यायची ती आज. पण तिच्याआधी डॉक्टर मेघालीबाई येऊन पोचल्या!

बेटेगावात त्यांना ओळखत नाही असं कोण होतं? तारापूरच्या कॉलनीत वाढलेल्या, लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईची मोठी नोकरी सोडून पालघरला आल्या आणि गावोगाव फिरू लागल्या. दवाखान्यात बायका येत नाहीत, पण पाचवीला सगळ्या जमतात, हे त्यांनी बरोब्बर हेरलं होतं.

"हिला कोणी बोलावलं?" रूपलची आई, वत्सला, दबक्या आवाजात म्हणाली.

"मी."

खरं तर वहिनीनं, सुलूनं, फोन करायला सांगितलं होतं. वर बजावलंही होतं, 'माझं नाव घेऊ नकोस.' का, ते काही रूपलला कळलं नव्हतं.

"वेड्यांची डॉक्टर, आणि पाचवीला? उद्या गाव म्हनंल, पोरीत खोट हाय."

पण दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? डॉक्टरीणबाई सरळ बायकांत जमिनीवर बसल्या. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याशी अशा गप्पा मारू लागल्या, जणू जुनी मैत्रीणच भेटलीय.

"तिला काय कळतंय?" कोणीतरी हसलं.

"सगळं. सटवाई आज एक ओळ लिहून जाईल. पुढची पाच वर्षं पेन तुमच्या हातात."

"मला तर सहीपन येत नाय, बाई!"

"बोलता येतं ना? मग झालं. भाजी निवडताना बोला, न्हाऊ घालताना बोला."

सगळ्या खळखळून हसल्या. रूपलला वाटलं, सुटलो! पण शेजारची मंदाकाकू गप्प बसेल तर शपथ.

"तरी वत्सले, पाच दिसांच्या पोरीला ही डॉक्टर लागली म्हंजे काय तरी असंलच की."

हसणं थांबलं. वत्सलाचा चेहरा पडला. ती उठून उभी राहिली.

"बाई, च्या घ्या आणि... तुमाला अंधार व्हईल."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बाळाला सुलूच्या हातात देताना त्या तिला फक्त एवढंच म्हणाल्या, "छान आहे हो लेक."

"मीच बोलावलंय यांना," सुलू म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. "पाच वर्षांची होईस्तो मी एक शब्द बोलत नव्हते. लोक मला मुकी म्हणायचे. बाई दर आठवड्याला आमच्या घरी यायच्या. माझ्याशी खेळायच्या, आईला खेळायला शिकवायच्या. लग्नात हे सांगायची हिंमत झाली नाही."

हीच ती सुलू! बालवाडीत शिकवणारी, जिची गोष्ट संपली तरी पोरं घरी जायला तयार नसायची! रूपलनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. सुलूचं गुपित सांगून एका वाक्यात त्यांना सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण चहाही न पिता त्या निघाल्या होत्या, ओळखीची एक खूणसुद्धा न दाखवता. रूपलची छाती अशी फुगली, जणू त्या तिच्याच कोणी लागतात.

मंदाकाकू आईच्या कानाशी लागली. "म्हंजे सून आधीपासनंच..."

वत्सलानं सुनेकडे पाहिलं. मग तिनं डॉक्टरीणबाईंच्या हाताला धरून त्यांना पुन्हा सतरंजीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"मंदे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गावातली निम्मी पोरं माझ्या सुनेनं बोलती केली. तुझा नातू तीन वर्षांचा झाला ना? बोलतो का अजून?"

मंदाकाकूनं पदर सावरला.

वत्सला थोडी बाजूला सरकली.

"जा, घेऊन ये त्याला. जागा हाय इथं."