माईसाहेबांनी दार उघडलं का?

मनकर्णाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं ते एका मालिकेतल्या दारापायी, आणि हे कारण उंद्री गावात चारचौघांत सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

मालिकेचं नाव 'मोठ्या घरचं दार'. रोज संध्याकाळी लागायची. ती सुरू झाली की मनकर्णाबाई खाटेवर बसायच्या आणि त्यांची सून जयमाला खाली भाजी निवडत बसायची. आता सासू-सुनेच्या भांडणाची मालिका सासू-सुनेनं एकत्र बसून पाहायची म्हणजे घरात रोज आग लागायला हवी की नाही? पण झालं उलटंच. तेवढा अर्धा तास मनकर्णाबाई सासू राहायच्याच नाहीत. जयमालाच्या खांद्यावर थाप मारून म्हणायच्या, पाह्य वं पाह्य, आता कशी बोलते ते. जाहिराती लागल्या की कधीकधी स्वतः उठून चहा मांडायच्या. हे जयमालानं माहेरी सांगितलं तेव्हा तिच्या सख्ख्या आईनंही विश्वास ठेवला नाही. मालिका संपली रे संपली की चहाचे कप जयमालाच्या पुढ्यात यायचे आणि भांडी जोरात आदळू नको, इथपासून पुन्हा सगळं सुरू. जयमालाची त्याबद्दल तक्रार नव्हती. दिवसाचा अर्धा तास मैत्रीण मिळत होती, तिला तेवढं पुरत होतं.

आणि एक दिवस त्या मेल्या वाहिनीनं मालिकाच बंद केली. ना सांगणं, ना सवरणं. चोरीचा खोटा आळ घेऊन घराबाहेर काढलेली सून बाहेर पिशवी घेऊन उभी, आत माईसाहेबांना, म्हणजे तिच्या सासूला, खरं काय ते नुकतंच कळलेलं. माईसाहेब दाराशी येतात, थरथरता हात कडीकडे जातो, बासरी वाजते, आणि पडद्यावर सगळ्यांचे आभार. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लहान पोरांची नाचायची स्पर्धा. अरे, पण दार उघडलं का?

मनकर्णाबाई म्हणाल्या, उघडलंच असन, त्यात काय इचारायचं. जयमाला तेव्हा पीठ मळत होती. दिवसभराचा शीण होता, सकाळचं एक बोलणं मनात सलत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "तसल्या सासवा दार नसतात उघडत, आत्याबाई."

बोलली ती माईसाहेबांबद्दल. पण खरं सांगायचं तर निम्मंच त्यांच्याबद्दल होतं, आणि उरलेलं निम्मं जिथं लागायचं तिथं बरोबर लागलं. मनकर्णाबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कित्येक महिने नाही. ज्या बाईचं तोंड गावानं कधी बंद पाहिलं नव्हतं, तिनं ते एका सुनेपुरतं बंद केलं. निरोप सगळे मुलामार्फत, म्हणजे जयमालाच्या नवऱ्यामार्फत, गोविंदामार्फत. समोरासमोर जेवायला बसायचं आणि म्हणायचं, गोविंदा, तिले सांग, भाजीत मीठ लय झालं. बिचारा गोविंदा घास हातात धरून डावीकडचं उजवीकडे सांगायचा. आयुष्यभर दोघींची भांडणं थांबावीत म्हणून देवाला हात जोडणारा तो माणूस आता म्हणायचा, याच्यापेक्षा भांडत जा.

जयमालाचा जीव मात्र आतून कुरतडला जात होता. माफी मागायला ती दोनदा गेली. पण मागायची कशाची? मी माईसाहेबांबद्दल बोलले म्हणावं तर खोटं, तुमच्याबद्दल बोलले म्हणावं तर अजूनच पंचाईत.

अशात उन्हाळा लागता लागता गावातून भोंगा लावलेला ऑटो गेला. चिखलीत मंगल कार्यालयात चाहत्यांचा महामेळावा, तुमचे लाडके कलाकार तुमच्या भेटीला, आणि त्यात नाव आलं, माईसाहेब अर्थात वसुधा कारखानीस. मनकर्णाबाई अंगणात गहू वाळवत होत्या. उठल्या, लुगड्याला हात पुसले आणि गोविंदाला म्हणाल्या, "मी जाऊन राह्यली चिखलीले. तिच्याच तोंडून आयकतो, दार उघडलं का नाई ते. अन् तिले सांग, तिनं बी यावं. साक्षीले."

जयमाला तीन हातांवर उभी होती. गोविंदानं तिला इमानेइतबारे निरोप दिला.

चिखलीला काय गर्दी म्हणता! लोणारहून एक गृहस्थ मालिकेतल्या इन्स्पेक्टरसारखी वर्दी शिवून आले होते, मिशी चिकटवलेली, आणि घामानं ती दर थोड्या वेळानं हनुवटीवर यायची. कॉलेजच्या पोरी माईसाहेबांसारखी भली मोठी नथ घालून फिरत होत्या. फोटो काढायला पुठ्ठ्याचं मोठ्या घरचं दार उभं केलं होतं. मनकर्णाबाई त्याच्याजवळ गेल्या, नीट पाहिलं, आणि उघडतं का म्हणून असा काही धक्का दिला की दार, चौकट आणि शेजारचं पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन सगळंच मागे कललं. दोन कार्यकर्ते धावत आले. मनकर्णाबाई म्हणाल्या, कच्चं हाय, आणि पुढे निघाल्या. जयमालाला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

आता रांगेचं सांगतो. मुंबईहून आलेली आयोजकांची पोरं गर्दीला घाबरली होती. त्यांनी लोखंडी पाइपांच्या वळणावळणाच्या रांगा केल्या होत्या, आणि रेटारेटी होईल म्हणून प्रत्येक वळणावर एक शिट्टीवाला. त्या पोरांना काय माहीत, आपल्या भागातल्या माणसाला अशी पाइपांची रांग दिसली की तो कुठं असतो! तो मनानं शेगावात असतो. लहानपणापासून दर्शनबारीत उभं राहून अंगच तसं झालेलं. कुणी कुणाला ढकललं नाही. म्हाताऱ्यांना सावलीची बाजू मिळाली. पुढच्याला धक्का लागला तर मागचा 'माउली' म्हणाला. स्टेजच्या पायऱ्या आल्या तशा पुढच्या एका बाईनं चपला काढून स्टेजच्या मागच्या बाजूला ठेवल्या. तिचं पाहून दुसरीनं, मग सगळ्यांनी. काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शिट्टीवाले शिट्ट्या तोंडात धरून पाहत राहिले.

रांगेत मनकर्णाबाईंनी जयमालाच्या पदराचं टोक धरलं होतं. बोलायचं नाही तर नाही, पण हरवायचंही नव्हतं. दुसरीकडे तोंड करून त्या सवाल घोकत होत्या. मुंबईची बाई, तिला आपलं बोलणं गावंढळ वाटायला नको, म्हणून त्यांनी पुण्याकडचं वाक्य जुळवलं होतं. आपण दार उघडलंत का. ते 'उघडलंत' काही केल्या जिभेवर बसत नव्हतं. जयमाला तिकडे तोंड करून हळूच म्हणायची, उघडलंत, आणि मनकर्णाबाई हवेला म्हणायच्या, उघडलंत. जयमालाला वाटत होतं की आपल्याला पंख फुटलेत. काय व्हायचं ते होवो, त्या बाईनं फक्त 'हो' म्हणावं. एकदा 'हो' म्हटलं की आपण हरलो, आत्याबाई जिंकल्या, आणि घर पुन्हा सुरू.

आणि आल्या की हो समोर. साक्षात माईसाहेब. तीच नथ, तोच हिरवा शालू, तीच नजर. मनकर्णाबाईंनी श्वास घेतला, ओठ उघडले. तेवढ्यात बाजूच्या कार्यकर्त्यानं, सगळ्यांना म्हणत होता तसंच, म्हटलं, "पुढे चला, पुढे चला."

संपलं. ते दोन शब्द कानावर पडले आणि अंगानं आपलं काम केलं. मनकर्णाबाईंनी हात जोडले, वाकल्या, माईसाहेबांच्या पायांवर डोकं टेकवलं, उठल्या आणि रेंगाळून मागच्यांचा खोळंबा न करता चालत्या झाल्या. त्यांच्यामागे जयमालाही वाकली, उठली, चालती झाली. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत दोघी पलीकडच्या दारातून बाहेर. तिथं एका पोरीनं जाहिरातीचा बिस्किटपुडा हातावर ठेवला. मनकर्णाबाईंनी तो कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला.

बाहेर निंबाखाली दोघी उभ्या राहिल्या. दर्शन झाल्यावर वाटतं तसं शांत शांत वाटत होतं. मग मनकर्णाबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"जयमाले," त्या म्हणाल्या, "म्या इचारलं काय वं?"

"नाई, आत्याबाई."

"अन् तू?"

"म्या बी नाई."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी मनकर्णाबाईंचं पोट हललं, मग खांदे, आणि मग दोघी झाडाला धरून अशा हसल्या की येणारे-जाणारे थांबले. हसता हसता जयमालाच्या ध्यानात आलं की आत्याबाई आपल्याशी बोलल्या. नाव घेऊन बोलल्या. ती गप्प राहिली. उगीच बोलून दाखवलं तर परत घेतील, याची तिला भीती होती.

पण हसू ओसरलं तसा मनकर्णाबाईंचा धीरही ओसरला. त्या मटकन खाली बसल्या. एवढ्या लांबून आलो अन् पाया पडून परत निघालो, आता कोण सांगते आपल्याले, असं काहीसं पुटपुटू लागल्या. जयमाला तडक फाटकावर गेली. तिथला पोरगा म्हणाला, मनगटावरची कागदी पट्टी कापली की परत आत नाही. नियम म्हणजे नियम. जयमालानं त्याला हात जोडले, तो हलेना. मग तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या पायांकडे. सगळं निंबाचं झाड अनवाणी होतं. तापलेल्या फरशीवर निम्मा तालुका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता, कारण चपला राहिल्या होत्या स्टेजच्या त्या बाजूला.

तिनं मोठ्यानं विचारलं, आमच्या चपलांचं काय? मागून पन्नास बायकांनी तेच विचारलं. अशा वेळेला काय करायचं हे त्या पोराला मुंबईत कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं फाटक सोडलं, आणि बायकांबरोबर मनकर्णाबाईही आत शिरल्या.

स्टेजच्या मागे चपलांचा हा ढीग. आणि ढिगापाशी, हातात चहाचा कप, नथ काढून पदराला अडकवलेली, वसुधा कारखानीस उभ्या. चहाला म्हणून मागे आल्या होत्या आणि तो ढीग पाहून तिथंच थबकल्या होत्या. त्यांनी जयमालाला विचारलं, सगळ्यांनी चपला का काढल्या? आणि कुणी फोटो का काढला नाही? मी काय इतकी वाईट दिसते? जयमालानं शेगावचं सांगितलं. पुढे चला म्हटलं की आमचे पाय थांबत नाहीत, असं म्हणाली. बाई इतक्या हसल्या की चहा शालूवर सांडला.

मनकर्णाबाईंना एक चप्पल सापडली होती, ती हातातच होती. दुसरी शोधायचं सोडून त्या पुढे झाल्या. घोकलेलं सगळं उडून गेलं.

"बाई, दार उघडलं का नाई तुमी?"

वसुधाबाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आजी, ते दार उघडणारं नव्हतंच. मागून खिळे ठोकले होते, त्याच्यामागे भिंत होती. दुपारी आम्हाला सांगितलं आज शेवटचा दिवस, आणि संध्याकाळी सुतार ते काढायलाही लागले. मी कितीदा विचार केला, मी उघडलं असतं का. पण मला कुणी विचारलंच नाही. तुम्हीच पहिल्या." मग म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

मनकर्णाबाई चपलेकडे पाहत होत्या.

"उघडलं तिनं," त्या म्हणाल्या. "टाइम लागला. मोठ्या घरची कडी वर असते बाई, म्हातारपणी हात पुरत नाई. अन् लाज बी वाटते, इतकं बोलून बसल्यावर. बाहेरचीले वाटते, बुढी उघडूनच नाई राह्यली. बुढी आतून झटूनच राह्यते."

जयमाला खाली वाकली आणि आत्याबाईंची दुसरी चप्पल शोधू लागली, कारण डोळे भरले होते आणि ते दाखवायचे नव्हते. वसुधाबाईंनी कप खाली ठेवला, पदरावरची नथ काढून परत नाकात घातली आणि स्वतःच्या मोबाइलवर दोघींना जवळ घेऊन फोटो काढला. हा कुणाला पाठवणार नाही, माझ्याचसाठी आहे, म्हणाल्या.

परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये मनकर्णाबाई पुन्हा गप्प होत्या. जयमालाच्या मनात धाकधूक, झालं ते तेवढ्यापुरतंच होतं की काय. उंद्रीच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी तिला भाजी घेऊन ये म्हणून सांगितलं आणि एकट्याच तरातरा पुढे गेल्या.

जयमाला वांगी घेऊन घरी आली तर दार बंद. गोविंदा अजून शेतातच. दिवसाउजेडी त्यांच्या घराला कधी आतून कडी लागल्याचं तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. तिनं दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला. भारदस्त, नाकातला, अगदी माईसाहेबांचा.

"मी, आत्याबाई. जयमाला."

मग पावलं दाराशी आली. कडी खुळखुळली, थांबली, परत खुळखुळली. शेजारची बकरी मान वर करून पाहू लागली.

"थांब जरासक," आतून आवाज आला, आणि आता तो मनकर्णाबाईंचाच होता. "जाऊ नको कुठी. हात पुरून नाई राह्यला."

त्यांच्या घराची कडी कमरेइतक्या उंचीवर होती. जयमाला पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून दारासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सावकाश काढा, आत्याबाई. मी हाय इथंच."