पेटीबोनचे सात पौंड

रँडल पेटीबोनने आयुष्यभर घरोघरी खिडक्या विकल्या. साठीला टेकल्यावर त्याने चापाचं वजन मोजायचा एक इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या नेमबाजी क्लबात तो आठवड्याभरात पंडित झाला. कुणाच्याही हातातलं पिस्तूल घ्यायचं, काटा लावायचा आणि तोंड वाकडं करायचं, हा त्याचा शनिवारचा उद्योग.

माझं पिस्तूल जुन्या धाटणीचं, डबल-ॲक्शन. पहिल्या गोळीला चाप ओढला की आधी घोडा मागे जातो आणि मग पडतो, त्यामुळे ओढ जड असते. पेटीबोनने काटा लावून अकरा पौंड सांगितले.

"अकरा? अरे ग्लेन, चाप ओढतोस की ट्रॅक्टर?"

चार माणसं हसली. तेवढंच मला पुरलं. पिस्तूल मी त्याच्या हवाली केलं. त्याने गॅरेजात बसून घोड्याची स्प्रिंग दीड वेढा कापली, काट्यावर सात पौंड दाखवले आणि मी मूर्खासारखे त्याचे आभार मानले. पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला मी तो आकडा ऐकवत होतो.

व्हर्ना कुयावालाही ऐकवला. ती चाळीस वर्षं कारखान्यात साचे बनवायची, आता बंदुका दुरुस्त करते. तिने विचारलं, आकडा किती वेळा मोजला? मी म्हणालो, एकदा. काट्याचा हूक चापाच्या टोकाला अडकवला होता का? मी म्हणालो, हो.

"टोकाला धरून ओढलं तर पोलादी दारही हलकं भरतं," ती म्हणाली आणि पुन्हा कानशीत डोकं घातलं. मला वाटलं, म्हातारी जळते.

मे महिन्यातल्या स्पर्धेत दोनदा माझा घोडा पडला आणि गोळी सुटलीच नाही. नुसता टिक. मी शेवटून दुसरा आलो. पेटीबोन लगेच धावत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की दारूगोळा भिकार आहे. व्हर्नाने त्याच खोक्यातल्या बारा नव्या गोळ्या काढल्या. सहा तिने आपल्या तशाच पिस्तुलातून झाडल्या, दर वेळी घोडा खाली उतरवून, म्हणजे प्रत्येक गोळीला तीच जड ओढ. सहाच्या सहा सुटल्या. मग माझं पिस्तूल घेतलं. उरलेल्या सहातल्या चारच सुटल्या.

"पेटीबोनसाहेब, घोड्यात जोरच उरला नाही तर गोळीने काय स्वतःहून सुटायचं?"

तो म्हणाला, जुन्या लोकांना नवं तंत्र पचत नाही. मग घड्याळात बघून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी व्हर्नाच्या दुकानात गेलो. ती टाकून बोलेल म्हणून मान खाली घालूनच गेलो होतो. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तिने चापाच्या मधोमध काटा लावला, सरळ मागे ओढला आणि दहा वेळा मोजलं. कधी साडेसात, कधी नऊ. सात एकदाही नाही. मग तिने कापलेली स्प्रिंग कचऱ्यात टाकली, नवी बसवली आणि आतले घासणारे भाग बारीक दगडावर गुळगुळीत केले. घोडा अडवून धरणाऱ्या खाचांच्या कोनांना मात्र हात लावला नाही. पुन्हा दहा वेळा मोजलं: साडेनऊच्या आसपास, प्रत्येक वेळी.

"आता ओढून बघ."

ओढला. आकड्याने जड, पण बोटाला हलका. कुठे अडकत नव्हता, कुठे खरखरत नव्हता. शंभर गोळ्या झाडल्या, शंभरही सुटल्या.

पेटीबोनचं काही बिघडलं नाही. जूनच्या क्लबच्या जेवणात त्याने चापावर पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यातल्या एका किश्शात एक सभासद असाही होता, ज्याने त्याचा सल्ला अर्धवट ऐकून स्वतःचं पिस्तूल बिघडवून घेतलं. तो सभासद म्हणजे मी. लोकांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो की स्प्रिंग रँडलने कापली, त्याच्याच गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी केक कापायला घेतला.

जेवणानंतर तिघं आपापली पिस्तुलं घेऊन पेटीबोनभोवती जमले होते. व्हर्नाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कोट चढवला.

"उद्या आठ स्प्रिंगा मागवते," ती म्हणाली. "माणसं तिघंच, पण तो एकदा कापून थांबणार नाही."