दुसरी किल्ली

माझी गाडी जागी झाली की मला फोनवर कळवते. घरातलं माणूससुद्धा एवढं कळवत नाही. दोन दारं, दोन सीट, इंजिन मागे आणि डिकी पुढे, अशी ही सेकंडहँड स्पोर्ट्स कार मी चाळिशी उलटल्यावर हौसेने घेतली. लालबागला आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्याच्या पार्किंगमध्ये ती पहिल्यांदा उभी केली तेव्हा आईने विचारलं होतं, "उलटी बघून घेतलीस काय रे?"

दिवाळीनंतर तिची बॅटरी बसायला लागली. चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी किल्लीतलं लोखंडी पातं काढून दार उघडावं लागे. मी काही अडाणी मालक नाही. मॅन्युअल दोनदा वाचलंय. टर्मिनल साफ केले, नवी बॅटरी टाकली, रविवारी चार्जर लावून ठेवू लागलो. स्कॅनर लावला तर त्याने सांगितलं की बॅटरी कमी आहे. ते मलाही दिसत होतं.

मग एका सोमवारी, मी फोर्टला ऑफिसात असताना, भर दुपारी फोनवर आलं: किल्ली गाडीजवळ आढळली.

किल्ली माझ्या खिशात होती. संध्याकाळी घरी येऊन कपाटाचा खण उपसला. दुसरी किल्ली जागेवर नव्हती. मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की माझ्या मनातली पाल लवकर गप्प बसत नाही.

दुसऱ्या किल्लीला हात लागलेला माणूस एकच होता, रमाकांत. आम्ही एकाच चाळीत, शेजारच्या खोल्यांत वाढलो. मसाल्याच्या गिरणीला लागून त्याचं गॅरेज आहे आणि दाराशी खिळे ठोकलेली एक फळी. सकाळी कामाला जाताना लोक आपापल्या गाडीची किल्ली तिथे अडकवतात, रमाकांत दिवसभरात गाडी आणून, काम करून, परत जागेवर लावतो. पावती नाही, सही नाही. त्याचा सगळा धंदा त्या फळीवर चालतो. दसऱ्याआधी दोन्ही किल्ल्यांचे सेल बदलायला मी त्याच्याकडेच दिल्या होत्या.

मी आडून विचारलं, "रम्या, माझी दुसरी किल्ली तुझ्याकडे राहिली का रे?"

"दोन्ही तुझ्या हातात दिल्या ना," तो लगेच म्हणाला.

इतकं लगेच? तयारच होतं की काय उत्तर? विचार करून बोलला असता तरी मी म्हटलं असतं, बघा, विचार करावा लागला. मी रोज मीटरचा फोटो काढू लागलो. गाडी एक किलोमीटरही हलत नव्हती. दुसरा कोणी शांत झाला असता. मला वाटलं, मीटर बंद करून चालवतो म्हणजे किती पोचलेला आहे! वॉचमन म्हणाला, गाडीकडे कोणी फिरकत नाही. म्हणजे तोही सामील.

शेवटी उचलली जीभ लावली टाळ्याला. बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं: "नाव घेत नाही. पण गाडीच्या किल्ल्या विश्वासाने ज्याच्याकडे ठेवता, तो सगळ्या परत देतो का, बघा."

नाव घ्यायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या संघमित्राताईंनी स्कूटरची किल्ली काढून नेली. आठवड्यात फळीवर नुसते खिळे उरले. मला वाईट वाटलं नाही, हे लिहून टाकतो. मला वाटलं, मी लोकांना सावध केलं.

रमाकांतचा फोन आला. "गाडी घेऊन ये. आजच."

गेलो. बॅटरीच्या वायरला मीटर लावून त्याने गाडी लॉक केली. "आता ही अर्ध्या तासात झोपायला हवी," एवढंच म्हणाला. आम्ही दोघं मीटरवरच्या करंटच्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. शेजारी मिरच्या कांडत होते आणि दोघांनाही ठसका लागत होता. आकडा खाली जाई आणि पुन्हा उसळी घेई.

"तुझी किल्ली त्या गिरणीवाल्याकडे ठेवून ये."

ठेवून आलो. आकडा पुन्हा उसळला.

"म्हणजे दुसरी आतच आहे," रमाकांत म्हणाला.

त्याने पुढची डिकी उघडली, गालिचा उचलला, हत्यारांच्या कप्प्यात हात घातला आणि एक पितळी करंडा बाहेर काढला. आत हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि माझी किल्ली. "अर्धा सिग्नल डबीत अडकतोय, अर्धा बाहेर येतोय. गाडी बिचारी दिवसभर शोधत बसते, किल्ली आली की गेली."

मी तिथूनच देवगडला फोन लावला. आई दसरा झाल्यापासून तिथे मावशीकडे होती.

"अरे, खंडेनवमीला हत्यारं पुजायची नाहीत होय?" ती म्हणाली. "तुझे बाबा मिलमध्ये पुजायचे. तुझी हत्यारं त्या पुढच्या डिकीत, म्हणून किल्ली पुजून तिथेच ठेवली. पुजलेली वर्षभर हलवू नये. तू विचारलंस कुठे मला?"

नव्हतंच विचारलं. वॉचमनला विचारलं, मीटरला विचारलं. आईला गाडीतलं काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. रमाकांत फोनवरचं सगळं ऐकत होता. मला त्याच्याकडे बघवेना. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ग्रुपवर मी या वेळी नाव घेऊन लिहिलं. चूक माझी, किल्ली माझ्याच घरच्यांनी ठेवली होती, रमाकांतची माफी मागतो. अकरा जणांनी हात जोडले, चार जणांनी अंगठा दाखवला. फळीवर दोन किल्ल्या परत आल्या. बाकीच्यांना किल्ली घरी ठेवायची सवय लागली होती. संघमित्राताई म्हणाल्या, "त्याच्यावर संशय नाही हो, पण आपली वस्तू आपल्याजवळ बरी."

महिन्याने ब्रेक ऑइल बदलायची वेळ आली. सकाळी ऑफिसला जाताना गॅरेजवर गेलो आणि नेहमीसारखी किल्ली खिळ्याला अडकवली. रमाकांतने ती काढून माझ्या हातात परत दिली. आतून प्लास्टिकची खुर्ची आणून गाडीशेजारी मांडली.

"बस," तो म्हणाला. "तू असशील तेव्हाच तुझं काम."

"रम्या, असं काय रे करतोस?"

"रागावलो नाही हितू. आता सगळ्यांसाठीच आहे ती खुर्ची."

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि खुर्चीवर बसलो. तो खाली वाकला. काढलेला प्रत्येक नट तो आधी मला दाखवत होता आणि मग खाली ठेवत होता.