फेल्डरचं गोदाम आणि आमच्या घराचं मत

आमच्या जपानमधल्या, फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये मी, बायको ज्ञानदा, चौदा वर्षांची मुलगी नुपूर आणि एक जर्मन असे चौघं राहतो. जर्मन मरून शंभरावर वर्षं झाली, पण डायनिंग टेबल त्याच्याच ताब्यात आहे. नकाशे, फोटो, विटांचे तुकडे! आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवायचं. कॉनराड फेल्डर त्याचं नाव, आर्किटेक्ट. गल्लीच्या टोकाला कालव्याकाठी लाल विटांचं जुनं गोदाम आहे, ते त्यानं बांधलं. आता ते रहिवासी मंडळाचं सभागृह आहे.

ज्ञानदा स्वतः पुण्याची आर्किटेक्ट. माझ्या नोकरीपायी इथे आली आणि तिची उमेदीची वर्षं कचऱ्याचं वर्गीकरण नि नुपूरची शाळा यातच गेली. मग एका जपानी ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं, आणि तिथे तिला हा फेल्डर भेटला.

यंदा मंडळात विषय निघाला, गोदाम पाडायचं की दुरुस्त करून ठेवायचं? ठेवलं तर दुरुस्तीचं काम ज्ञानदाच्या ऑफिसला मिळणार, आणि ती तिथे कायम होणार. पाडलं तर आम्ही पुण्याला परत. मला कंपनीनं तिकडे चांगली पोस्ट देऊ केली होती आणि मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार जायचं होतं. तोयोसुच्या ऑफिसात झुकून झुकून मान गेली माझी. कुणाशी मनमोकळं भांडावं म्हटलं, तर तीही सोय नाही. पण दोघांत ठरलं होतं, मंडळ म्हणेल तसं.

आता गंमत बघा. मंडळात एका घराला एकच मत, आणि ते कुटुंबप्रमुखानं द्यायचं. कागदोपत्री प्रमुख कोण? अस्मादिक! विटेतलं ज्याला ओ की ठो कळत नाही, तो मी.

बैठक त्याच गोदामात होती. ज्ञानदा बोलायला उभी राहिली तशी नुपूर माझ्या कानाशी पुटपुटली, "आईचं जपानीज... हाझुकाशी." लाज वाटते म्हणे! मी डोळे वटारले.

ज्ञानदा अडखळत होती, पण थांबत नव्हती. फेल्डर गवंड्याचा मुलगा. जर्मनीत स्टेशनं बांधून नाव कमावलेला. इथलं बोलावणं आलं, तेव्हा तीन मजले नि वर मनोरा असे नकाशे घेऊनच बोटीतून उतरला. दुसऱ्याच आठवड्यात धरणी हलली. सगळी वस्ती रस्त्यावर आली, त्यात हाही, झोपायच्या सदऱ्यात. उजाडल्यावर हा पठ्ठ्या सुतारांच्या दारात जाऊन बसला. तुमची घरं कशी तगतात, मला शिकवा म्हणाला. चाळिशीचा, नावाजलेला माणूस! परत येऊन त्यानं मनोरा खोडला, दोन मजले खोडले आणि विटांच्या थरांत लोखंडी पट्ट्या घातल्या. एकोणीसशे तेवीस सालच्या महाभूकंपात आजूबाजूचं सगळं भुईसपाट झालं, हे उभं राहिलं. ते बघायला तो नव्हता, योकोहामात केव्हाच वारला होता.

"इतकं सुंदर चित्र त्यानं स्वतःच खोडलं," ज्ञानदा म्हणाली, "कारण आत माणसं काम करणार होती."

हे सगळं मी घरी शंभरदा ऐकलेलं, आणि 'पुरे तुझं जर्मनपुराण' म्हणून उडवलेलं. त्या दिवशी मात्र भिंतीकडे नीट पाहिलं आणि मनात म्हटलं, मानलं बुवा तुला.

अध्यक्ष ओकुबो-सान एकेक घर पुकारू लागले. ठेवा. पाडा. पाडा. ठेवा. मग, "रणजित-सान."

मी उठलो. "प्रमुख मी असलो तरी अभ्यास हिचा आहे. आमचं मत ही देईल."

ओकुबो-सान शेजारच्यांशी कुजबुजले आणि त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. पुणं हुकलंच तर माझ्या हातून तरी नको.

ज्ञानदा उभी राहिली, वाकली. "गोदाम राहिलं तर मला काम मिळणार आहे. मी मत देणं बरोबर होणार नाही." आणि बसली.

हातातोंडाशी आलेला घास सोडून दिला की हो बयेनं! असा संताप आला मला, आणि त्याच वेळी ऊर भरून आला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरीही कधी 'माझ्यासाठी मत दे' असं चकार शब्दानं म्हणाली नव्हती. नुपूर टक लावून आईकडे बघत होती.

"रणजित-सान?" ओकुबो-सानांनी पुन्हा विचारलं.

"ठेवा," मी म्हणालो.

थोडक्या मतांनी गोदाम वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या साहेबांना फोन करून नकार कळवला. ज्ञानदा शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवला आणि मला रडू आवरेना.

"पस्तावशील तू," ती माझा हात धरून म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "पण पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन."