एकदाच विचारायचं

ग्लोरियाबाई साळव्यांच्या नाटकात नियम एकच, पण त्यावर त्या अडून बसायच्या: प्रेक्षकाला एकदाच विचारायचं. नाही म्हणाला की विषय संपला. गॅदरिंगमध्ये माणसांना हाताला धरून स्टेजवर ओढायचं आणि बाकीच्यांनी खिदळायचं, हा तमाशा शाळेच्या नोकरीत त्यांनी पोटभर पाहिला होता. त्याची त्यांना मनापासून चीड होती.

नाटक साधंच. सतरंजीवर दोन पाट, दोन ताटं. आई गेल्यावरही रोज तिचं ताट वाढणारी एक मुलगी, तिचं काम बाई स्वतःच करत. नाटकाच्या मध्यावर ती प्रेक्षकांत येते आणि कुणाला तरी आईच्या पाटावर जेवायला बोलावते. दाराशी तबकात सुपाऱ्या ठेवलेल्या असत. ज्याला विचारलेलं चालेल त्याने एक घ्यायची, मन बदललं तर परत ठेवायची. ही गोष्ट कुणाची, हे बाई सांगत नसत. सावेडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एलिझाबेथबाईंचं, म्हणजे त्यांच्या आईचं ताट फळीवर पालथं पडून होतं, आणि बाई उभ्याउभ्याच ओट्याशी जेवत. नाटकात कुणी समोर येऊन बसलं की तेवढ्यापुरतं त्यांना जेवल्यासारखं वाटायचं. खरं तर नाटकाचा सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

त्या दुपारी शेवगावजवळच्या एका गावात, समाजमंदिरात प्रयोग होता. सुपारी एकीनेच घेतली, पुढच्या रांगेतल्या चांगुणाबाईंनी. सत्तरीची बाई, सुपारी मुठीत घट्ट धरून बसलेली. ग्लोरियाबाई तिच्यापुढे वाकल्या.

"माझ्याबरोबर जेवाल?"

चांगुणाबाईंनी पदर सावरला. "न्हाई बाई, तुमी जेवा. माजं झालंय."

ग्लोरियाबाईंनी हात जोडले आणि माघारी फिरल्या. पाट रिकामाच राहिला. टाळ्या झाल्या, लोक पांगले. ढोलकी वाजवणारा आणि टेम्पोही चालवणारा पन्नाशीचा अजिनाथ सामान बांधायला लागला. तेवढ्यात चांगुणाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या, चांगल्याच घुश्शात.

"मी बसनार हुते."

"मावशी, तुम्ही तर नाही म्हणालात."

"पयल्या बोलावन्याला कुनी बसतं व्हय? येवढी हावरी दिसले का काय मी? आनिक येकदा म्हनला असता तर उठलेच हुते की! घरात येकलीच जेवते मी. म्हनलं, आज चार घास बाईसंगं खावं."

ग्लोरियाबाईंना ओशाळल्यासारखं झालं. तरी त्यांनी समजावलं. आग्रह केला की माणसाला नाही म्हणता येत नाही, भिडेखातर हो म्हणतं. म्हणून एकदाच विचारायचं, आणि नाही म्हणजे नाही.

चांगुणाबाईंनी जरा विचार केला. "ह्ये बी खरंच हाय. माज्या लग्नात तर मला येकदाबी कुनी इचारलं न्हवतं." त्या हसल्या. राग गेला होता. "मग आता मी इचारते. चला माज्या घरी. हुलग्याचं शेंगुळं केलंय. दोघी बसून खाऊ. येता?"

कुणीतरी, नाटकाबाहेर, ग्लोरियाबाईंना जेवायला बोलावत होतं. किती दिवसांनी!

"नको नको, मावशी. उगाच कशाला त्रास?" त्या म्हणाल्या.

जीभच ती. कुणाच्या घरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं, हे एलिझाबेथबाईंनी लहानपणीच अंगी मुरवलं होतं. आता मावशी म्हणतील, त्रास कसला त्यात, चला गुमान. मग आपण चपला घालायच्या. ग्लोरियाबाईंनी पायाने चपला चाचपल्यासुद्धा.

चांगुणाबाईंचं तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी ते मिटलं.

"बरं," त्या शहाण्यासारख्या म्हणाल्या. "न्हाई म्हंजे न्हाई." मुठीतली सुपारी त्यांनी तबकात ठेवली आणि पायऱ्या उतरल्या.

'येते' एवढंच म्हणायचं होतं. पण साठीच्या बाईने, आत्ताच दुसऱ्याला नियम शिकवून, जेवणासाठी मागून हाका मारायच्या? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. ग्लोरियाबाई दाराशी उभ्या राहिल्या. चांगुणाबाई बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या, वळल्या. एकदाही मागे पाहिलं नाही त्यांनी. पाहिलं असतं तर तोही आग्रहच झाला असता.

ग्लोरियाबाई आत येऊन पाटावर बसल्या. दोन्ही ताटं तशीच वाढलेली होती. रडू येत होतं, पण अजिनाथ होता.

"बाई," अजिनाथने ढोलकी खाली ठेवून विचारलं, "मी बसू का तुमच्यासंगं? दोन घास खाऊन निघू."

"नको रे," ग्लोरियाबाई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

पण अजिनाथ सुरुवातीपासून त्यांच्या नाटकात होता. त्याने पुन्हा विचारलं नाही.