लादून पाहिलेली गाडी

नासिरभाईनं जीपखाली पडल्यापडल्या चेसिसला पेचकस लावला आणि जरासा दाबला. पेचकस आरपार गेला. लोखंडाचा म्हणून काही आवाज व्हायला हवा होता, तो झालाच नाही.

"भाभी," तो खालूनच बोलला, "आता नाही होत."

"वेल्डिंग मार ना."

"वेल्डिंगले लोखंड त पायजे. हा निस्ता पापड राह्यला." तो सरकत बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत उभा राहिला. "तीनदा जोडली आतापर्यंत. आता चढावर मधातूनच मोडन. मी चाबी नाही देत तुमाले."

"गाडी माही, अन् मलेच चाबी नाही?"

"नाही." नासिरनं चावी खिशात टाकली. आर्णीच्या त्या गॅरेजात वीस वर्षं त्यानं धुरपताबाईंचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आज पडू दिला, तेव्हाच त्यांना कळलं की जीप खरोखरच गेली. त्या टायरच्या ढिगावर बसून राहिल्या.

हरजी नायकाचा तांडा आर्णीपासून बारा किलोमीटरवर. शेवटच्या दोन किलोमीटरात एक नाला, आणि नाल्याच्या आर्णीकडल्या अंगाला काळ्या मातीचा उभा चढ. पावसाळ्याचे चार महिने तिथून फक्त ही जीप जायची, कारण तिची चारही चाकं ओढायची. धुरपताबाईंचा नवरा देवसिंग, त्यानं ती सरकारी लिलावातून आणली होती. पुढं साखरेच्या आजारानं त्याचे डोळे गेले. त्या श्रावणात तांड्यातल्या सत्यशीलाच्या लेकाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हा धुरपताबाई पहिल्यांदा स्टेअरिंगवर बसल्या. वय एक्केचाळीस. शेजारी बसून देवसिंग सांगत गेला आणि या चालवत गेल्या. त्याला दिसत नव्हतं, यांना येत नव्हतं, दोघं मिळून कसाबसा एक ड्रायव्हर झाला. पण पोरगा वाचला. मग त्यांनी रीतसर लायसन काढलं. उंची कमी म्हणून आरसे नि कवड्या टाकलेली एक जाड उशी शिवली, सीटवर ठेवली, आणि वीस वर्षं तांड्याची दुखणी, बाळंतपणं, बारावीचे पेपर आणि लग्नाच्या नवऱ्या वाहिल्या. आधी बाप्ये हसले. मग तेच बाप्ये पहाटे दार वाजवायला लागले.

पुढच्याच रविवारी त्यांचा मुलगा भारत त्यांना यवतमाळच्या शोरूमला घेऊन गेला. भारत आर्णीच्या शाळेत मास्तर. त्याच्या मनात गाडी कधीच ठरलेली होती. पांढरी, चकचकीत, वर आभाळ दाखवणारी काच. घनश्याम नावाच्या विक्रेत्या पोरानं दार उघडून धरलं.

"बघा मावशी, एसयूव्ही आहे. रस्ता कसाही असू दे."

धुरपताबाईंनी आतल्या गुळगुळीत सीटकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ गाडीच्या मागं जाऊन वाकल्या आणि खाली डोकावल्या. "मागच्या चाकाले दांडा कुठं हाय?"

"मावशी, सनरूफ बटनावर उघडतं."

"उघडू दे. मागची चाकं फिरतात का?"

"चारही फिरतात की."

"थे त बंडीची बी फिरतात, बैलानं ओढल्यावर. हे स्वतः ओढतात का?"

घनश्यामनं भारतकडे पाहिलं. भारतनं छताच्या काचेकडे पाहिलं.

"याडी," तो आईला हळूच म्हणाला, "आता रस्ता मंजूर झाला. दोन वर्षांत डांबर पडते."

"मंजूर त तू पाळण्यात होता तवापासून हाय."

"अन् हे ऑटोमॅटिक. मी चालवीन. तू आता आरामात मागं बस."

हे वाक्य त्याच्या मते मायेचं होतं. धुरपताबाईंच्या ते काळजात घुसलं. मागच्या सीटवर त्यांनी तापानं फणफणलेली लेकरं बसवली होती, रडणाऱ्या नवऱ्या बसवल्या होत्या, देवसिंगला शेवटचं घरी आणलं तेही तिथंच आडवं टाकून. त्या सीटवर त्या स्वतः एकदाही बसल्या नव्हत्या, आणि बसायचा त्यांचा काही विचार नव्हता.

"बापू," त्या घनश्यामला म्हणाल्या, "गाडी तांड्यावर आन. लादून पाहू."

घनश्यामला वाटलं, मावशींना टेस्ट ड्राइव्ह म्हणायचंय. तसंच होतं, पण फार जुनं. धुरपताबाईंच्या सासऱ्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरतीला लदेणी म्हणत. बैल कितीही देखणा असो, पाठीवर गोणी टाकून, पाण्यातून घालून, चढावर नेल्याशिवाय त्या घरानं कधी विकत घेतला नाही. लदेणी गेली, बैल गेले, ही खोड तेवढी राहिली. देवसिंगनं लिलावातली जीपसुद्धा तशीच घेतली होती, आठ पोती टाकून.

गाडी आली तो दिवसही रविवारच. दोन दिवस पडून पाऊस जरा थांबला होता. घनश्याम चढाचा उतार करून, घोटाभर नाला ओलांडून तांड्यात आला आणि भलता खूष होऊन उतरला. "आली की नाही, मावशी?"

"आली. आता जाऊन दाखव."

धुरपताबाईंनी डिकीत ज्वारीचं एक पोतं ठेवायला लावलं. मागं तिघी बसवल्या. सत्तरीच्या तानाबाईंना बाळंतीण केलं, एका बाजूला तिची सासू म्हणून सत्यशीला, दुसऱ्या बाजूला आई म्हणून आपली सून, भारतची बायको बबिता. तानाबाईंनी कामगिरी अंगावर घेतली आणि दार लागायच्या आधीच कण्हायला सुरुवात केली. भारत स्टेअरिंगवर, शेजारी घनश्याम. अख्खा तांडा नाल्यापर्यंत मागं चालत आला.

नाला गाडीनं ओलांडला. चढाचा पहिला टप्पाही चढली. दुसऱ्या टप्प्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि चिखल मागं फेकायला लागली. मागची चाकं मुकाट बसून होती. भारतनं दामटली तशी गाडी आणखी रुतली, मग हळूहळू आडवी होत बांधाकडे सरकली. तानाबाई आतून ओरडल्या, "कोनी उतरवा मले! खरी बाळंतीण असती त इथंच मोकळी झाली असती."

बायका हसत उतरल्या आणि पायीच चढ चढून गेल्या. भारतनं ढकलून पाहिलं, घनश्यामनं बूट काढून ढकलून पाहिलं. शेवटी सेवादासनं बैलजोडी आणली. त्यांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता. दोर बांधला, बैलांनी मान खाली घातली आणि ती एसयूव्ही निमूटपणे वर गेली. घनश्यामनं बूट हातातच धरले, नमस्कार केला आणि यवतमाळची वाट धरली.

भारतच्या कमरेपर्यंत चिखल होता. लोक पांगल्यावर त्याचा बांध फुटला.

"झालं समाधान? शाळेत पोरं म्हनतात, मास्तरची माय डायवर हाय. एकसट वर्षाची झाली तू. लोकं मले नावं ठेवतात, म्हाताऱ्या मायले राबवून राह्यला म्हनून. मी तुले आराम देऊन राह्यलो, अन् तू माहा तमाशा केला."

"डायवरच हाय मी," धुरपताबाई म्हणाल्या. "त्यात तुले लाज कायची वाटते? तुही फी भराले मी याच चढानं कापूस नेला. आराम पायजे असन त मी मागीन. तू कायले माहा हात धरून मले गाडीतून उतरवतं?"

बबिता तोंडाला पदर लावून आतापर्यंत ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमची पोरगी होयाच्या टायमाले तुमी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभे होते. हा चढ मी पाह्यला, मागच्या सीटवरून. समोर याडी होती म्हनून मले भेव नाही वाटलं. काच-बिच कायले पायजे? चढनारी गाडी घ्या." आणि मग जरा थांबून, सासूकडे वळून, "अन् याडी, मले बी शिकव."

भारतनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नाल्यावर पाय धुवायला निघून गेला. पण त्या दिवसानंतर त्यानं पांढऱ्या गाडीचं नाव काढलं नाही.

महिन्याभरानं नासिरचा फोन आला. केळापूरला एका जंगल ठेकेदाराची चारही चाकांवर ओढणारी गाडी विकायची होती. सहा वर्षांची, मातकट रंगाची, डावं दार चेपलेलं. सगळे ती बघायला गेले. नासिर तासभर तिच्याखाली पडून होता. शेवटी त्यानं तोच पेचकस चेसिसवर आपटला. आवाज झाला, चांगला टणक. धुरपताबाईंनी मालकाच्या कोठारातली तुरीची सहा पोती मागवली, गाडीत टाकली, आणि त्याच्याच ओल्या वावरातून दोन चकरा मारल्या. मालकानं घाबरून विचारलं, "बाई, गाडी घेता का शेत वाहता?"

"घेतो," त्या म्हणाल्या. "उतरवा पोती."

घरी येताना वाटेत नासिरच्या गॅरेजपाशी थांबल्या. जीप विटांवर उभी होती, चाकं काढलेली. त्यांनी आत हात घालून फक्त उशी उचलली. दोन आरसे निखळले होते.

"हिचं काय करू, भाभी? भंगारवाला दोनदा येऊन गेला."

"थकलेला बैल आमच्या घरानं कधी बाजारात नेला नाही. राहू द्या."

"जागा अडते ना."

"अडू द्या." त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तिथं रडायचं नाही असं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. नासिर दुसरीकडे पाहत राहिला.

भारतनं सवयीनं नव्या गाडीचं मागचं दार आईसाठी उघडलं. धुरपताबाईंनी ते लावून टाकलं, पुढून वळसा घातला, ड्रायव्हरच्या सीटवर उशी ठेवली आणि चढून बसल्या. बबिता शिकायचं म्हणून शेजारी बसली. भारत क्षणभर बाहेर उभा राहिला, मग स्वतःच मागं जाऊन बसला.

चढ उतरायच्या तोंडाशी दिवस कलला होता. खाली नाला भरून वाहत होता. धुरपताबाईंनी गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला, आणि डावा हात गिअरच्या बाजूला खाली गेला, जिथं जीपला चारही चाकं ओढायला लावणारा दुसरा दांडा असायचा. इथं दांडा नव्हता. हात रिकाम्या जागेवर मिटला आणि तसाच राहिला.

"याडी, याच्यात थे बटन हाय," बबितानं हळूच समोर दाखवलं.

"मालूम हाय मले."

त्यांनी उजव्या हातानं बटन फिरवलं. चारही चाकांनी चिखल धरला आणि गाडी सावकाश, जराही न घसरता उतरायला लागली. पाणी दारापर्यंत आलं, ओसरलं, पलीकडचे दिवे दिसले. डावा हात मात्र तांडा येईपर्यंत त्या मोकळ्या जागेवरच होता.